वाळका वेल
निवृत्त झालेला साहेब घरी बसला की कुणाला तरी शिस्त लावल्याशिवाय राहत नाही. आमच्या साहेबांनी बाग धरली.

बाग बायकोची. पण ती आठवडाभर बहिणीकडे गेली होती आणि वसंत तोंडावर आला होता. साहेबांनी कंबर कसली. पालापाचोळा झाडला, वाफे खणले, खत घातलं, कुंड्या रंगवून रांगेत उभ्या केल्या. कुंपणावर एक वेल होता, पानाचा पत्ता नाही, नुसत्या काटक्या. तो त्यांनी मुळासकट उपटला. कचरागाडी आली आणि घेऊन गेली.

बायको परत आली, कुंपणाजवळ उभी राहिली.

"इथला वेल?"

"वाळला होता तो. काढून टाकला. कसं मोकळं वाटतंय बघ!"

"दर हिवाळ्यात तो असाच दिसतो," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत फुलला असता."

तिच्या आईने लावलेल्या वेलाची ती फांदी. माहेरचं घर भावांनी विकलं, तेव्हा तिने तेवढीच मागून आणून कुंपणाशी लावली होती. साहेबांना हे ठाऊक होतं. कोणता वेल, ते मात्र इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांची थोरली बहीण आली. तिच्यासमोर त्यांनी कुरकुर केली, "ताई, राब राब राबलो, आणि वर हिचा अबोला."

"तिला विचारलं होतंस?"

"एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं?"

"ऑफिसात दुसऱ्याच्या टेबलावरची फाईल न विचारता उचलली होतीस कधी?"

"ते ऑफिस होतं, ताई."

"म्हणजे परक्यांना मान, आणि घरच्या माणसाचं सगळं आपल्याच बापाचं! काम केलंस म्हणून हक्क मिळाला असं वाटलं का तुला?"

साहेबांची मान खाली गेली. चूक खरोखरच उमगली होती. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"चुकलो मी. यापुढे तुला विचारल्याशिवाय बागेत कशालाही हात लावणार नाही."

बायकोने ओटा पुसणं थांबवलं नाही.

"आता खुशाल लावा. माझं तिथे काही राहिलं नाही."

त्या वसंतात बाग साहेबांनीच सांभाळली. चांगली फुलली. बायको बघायलाही बाहेर आली नाही.

मंडळी, घरात मदत करायला जरूर पुढे व्हा. पण आधी "हे काढू का?" एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत फावडं उचलू नका.