तुझंच खरं

बत्तीशीरावांना हे नाव त्यांच्या कामावरून पडलं होतं आणि त्यांनीही ते हसत हसत चालवून घेतलं होतं. ते कवळ्या बनवायचे. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, आणि बत्तीशीराव घराच्या पुढच्या खोलीत बसून प्लास्टर ओतायचे, मेणात दात बसवायचे, गुलाबी पूड कालवून हिरड्या घडवायचे. एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवायची त्यांना खोड होती. सगळेच दात शिस्तीत उभे असले की माणूस हसताना लबाड दिसतो, असं त्यांचं म्हणणं. 'खोटे दात' हा शब्द मात्र त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

"मग काय, खरे म्हणू?" बायको विचारायची.

"नक्कल म्हण. खोटं वेगळं, नक्कल वेगळी."

हाच कायदा त्यांनी घड्याळांनाही लावला होता. दातांचे नमुने ठेवायचा एक जुना लाकडी ट्रे होता, आत मखमलीचे खळगे असलेला. त्यात त्यांची मनगटी घड्याळं असायची. सगळ्या नकला, आणि सगळ्या नामांकित घड्याळांच्या. एक पाणबुड्यांचं, समुद्राच्या तळाशीही चालेल म्हणणारं. बत्तीशीराव स्वतः गुडघाभर पाण्यात उतरायला घाबरत. एक विमान चालवणाऱ्यांचं, ज्याच्यात इतके काटे होते की वेळ सोडून बाकी सगळं कळावं. एकाच्या तबकडीवर चंद्र होता. अस्सल घड्याळात तो कलेकलेनं सरकतो म्हणे; यांचा चंद्र रंगवलेला होता, त्यामुळे यांच्याकडे बारा महिने पौर्णिमा. संग्रह छोटासाच होता, पण रविवारी दुपारी ट्रे मांडीवर घेऊन एकेकाला चावी देताना त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं, ते खऱ्या घड्याळवाल्यांच्या नशिबी नसावं. खरं सांभाळायची धास्ती असते. नकलेचं तसं नाही, ती नुसती आवडली की झालं.

हे सगळं सुरू झालं ते मात्र एका दुखण्यातून.

त्यांचे वडील, अण्णा, निवृत्त झाले तेव्हा मालकांनी त्यांना एक भारी घड्याळ दिलं. मुलं दोन, घड्याळ एक. अण्णांनी काय करावं? बाजारात हिंडून तस्संच दुसरं, नक्कल केलेलं, शोधून आणलं. एके दिवशी जेवणं झाल्यावर दोघा मुलांना समोर बसवलं आणि म्हणाले, "यातलं एक खरं आहे, एक त्याच्यासारखं. भांडायचं नाही." आणि एकेक एकेकाच्या हातात ठेवलं. थोरल्यानं, म्हणजे दादानं, लगेच मनगटावर बांधून हात उजेडात फिरवायला सुरुवात केली. कुणाचं कुठलं, हे अण्णांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. थोरल्याला खरं, हे विचारायला कशाला हवं?

धाकट्याला मात्र राहवेना. अण्णा बेसिनपाशी कवळी धूत होते तिथे जाऊन तो म्हणाला, "दादाला खरं आणि मला नक्कल. माझ्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच का हो?"

अण्णांनी कवळी तोंडात बसवली, हात पुसले आणि म्हणाले, "तुझंच खरं."

आणि गेले निघून. आपल्याकडे वाद घालून घालून माणूस दमला की समोरच्याला म्हणतो ना, बरं बाबा, तुझंच खरं. म्हणजे तू जिंकलास, आता पुरे कर. धाकट्याला वाटलं, चला, निदान कबूल तरी केलं. ते दुखणं मनात ठेवूनच त्यानं ते घड्याळ घातलं. नक्कलच तर आहे म्हणून रोज कामावर घातलं. प्लास्टर सांडलं, पूड उडाली, कशाची पर्वा केली नाही. मळलं की कवळ्या घासायच्या चक्रावर धरून चकचकीत करायचा. हळूहळू दुखणं मुरलं आणि त्याची आवड झाली. त्या घड्याळाला सोबत म्हणून दुसरं आलं, मग तिसरं. अण्णा गेले तेव्हा ट्रे भरत आला होता.

तर एके सकाळी दादा आला तो कपाटात जपून ठेवलेलं आपलं घड्याळ घेऊनच. तो दुसऱ्या शहरात राहायचा. त्याच्या मुलीची नोकरी बत्तीशीरावांच्याच शहरात लागली होती, तिची खोली लावून द्यायला आला होता.

"छोट्या, याचा पट्टा तुटलाय. दुसरा घालून दे," तो म्हणाला. बत्तीशीरावांच्या डोक्यावर आता मोजून केस उरले होते, तरी दादाला ते छोट्याच होते. "संध्याकाळी येतो. पोरीच्या हातात बांधायचंय. अण्णांचं घड्याळ आहे, नीट कर."

बत्तीशीरावांना भरून आलं. दोन्ही घड्याळं इतक्या वर्षांनी एका टेबलावर आली होती. त्यांनी ट्रेमधून आपलं काढून दादाच्याशेजारी ठेवलं. जुळी भावंडं! मग उत्साहाच्या भरात त्यांनी नको तो उद्योग केला. आपल्याही घड्याळाचा पट्टा काढला, दोन्हींना चावी देऊन एकच वेळ लावली, मऊ ब्रशनं स्वच्छ केली आणि टॉवेलवर पालथी घातली. उजवं दादाचं, डावं आपलं. तेवढ्यात डॉक्टरांचा माणूस दारात आला, एका आजीबाईंची कवळी टोचत होती. बत्तीशीराव बाहेर जाऊन त्याच्याशी बोलून परत येतात, तर टेबलावर टॉवेल नाही.

"टॉवेल कुठाय?"

"धुवायला टाकला," बायको आतून म्हणाली. "घड्याळं ठेवलीत तुमच्या त्या ट्रेमध्ये."

"कुठलं कुठं ठेवलंस?"

"दोन्ही एकसारखीच तर आहेत! कुठलं कुठं ठेवलं म्हणून काय बिघडलं?"

बत्तीशीराव मटकन खाली बसले. ट्रेमध्ये दोन घड्याळं शेजारीशेजारी, दोन्ही एकच वेळ दाखवत. उलटून पाहिली, कानाला लावली, वजन करायच्या छोट्या काट्यावर ठेवली. काही फरक असावा असं वाटायचं, आणि दुसरं हातात घेतलं की तोच फरक त्यातही सापडायचा. दादाचं कपाटात जपलेलं म्हणून चकचकीत, आपलं चक्रावर घासलेलं म्हणून चकचकीत. नकलांतलं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत होती, ती पार धुळीला मिळाली.

"उजवं उजव्या हातानं उचललं होतंस का? आधी कुठलं उचललंस?"

"अहो, मी टॉवेल उचलत होते, घड्याळं नाही!"

"पण बाई, यात अण्णांचं एक आहे! चुकीचं गेलं तर पोरीच्या हातात नक्कल जाईल आणि दादाचं खरं माझ्या घरात राहील. चोरीच की ती!"

हे ऐकून बायकोचाही चेहरा उतरला. "मग घड्याळजीकडं जा ना. इथं दातओठ खाऊन काय होणार?"

घड्याळजीचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची कपाटाएवढी जागा. त्याच्या डोळ्यात भिंग कायमचं बसलेलं आणि स्वभाव त्याहून बारीक. त्यानं दोन्ही घड्याळांची झाकणं उघडली, एकात डोकावला, दुसऱ्यात डोकावला, पुन्हा पहिल्यात डोकावला. बत्तीशीरावांचा जीव टांगणीला.

"हे खरं," शेवटी तो म्हणाला. "आणि हे नुसतं तोंडावळ्यानं तसं."

"नक्की?"

"तुम्हाला कवळी दाखवली तर खरे दात म्हणाल का?"

बत्तीशीरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतका मोठा, की घड्याळजीनं घाईघाईनं सुट्या स्क्रूंवर हात धरला. झालं, प्रश्न मिटला. खऱ्याला दादाचा नवा तपकिरी पट्टा, नकलेला आपला काळा, आणि घरी जाऊन चहा.

"ह्या खऱ्याला साफ करतो जरा," घड्याळजी म्हणाला. "झाकणाच्या आतल्या कडेला काय साचलंय बघा. हे काय पावडर-बिवडर लावता की काय? गुलाबी आहे."

"गुलाबी?"

"थर बसलाय चांगला. वर्षानुवर्षांचा असणार. दुसरं आतून स्वच्छ आहे."

बत्तीशीरावांनी भिंग मागून घेतलं. झाकणाच्या खाचेत हिरडीच्या रंगाची पूड होती. जन्मभर नखांत, भुवयांत आणि चहाच्या कपात सापडणारी. ही पूड दादाच्या कपाटात कुठून जाणार? ती फक्त एकाच घड्याळात जाऊ शकत होती, जे नक्कल म्हणून रोज कामावर घातलं होतं.

ते भिंग डोळ्याला तसंच धरून उभे राहिले.

"काय झालं?" घड्याळजीनं विचारलं.

"हे माझं आहे."

"मग आनंद करा की!"

पण आनंद कुठल्या बाजूनं सुरू करावा तेच त्यांना कळेना. रस्त्यानं येताना डोक्यात नुसता भुगा झाला होता. एक घड्याळ या खिशात, एक त्या खिशात, आणि मधून चालणाऱ्या माणसाला आपण कुणाचे कोण तेही सांगता येईना. म्हणजे अण्णांनी खरं मला दिलं होतं! आणि बेसिनपाशी म्हणाले ते, तुझंच खरं... ते दमून म्हणाले नव्हते? सरळ सरळ सांगत होते, की अरे वेड्या, तुझंच घड्याळ खरं आहे? आणि मी त्यांच्यावर इतकी वर्षं रुसून बसलो? दोन पावलं गेल्यावर वेगळंच सुचलं. अण्णांचा चष्मा त्या दिवशी कुठं होता? त्यांनी जर देतानाच घोटाळा केला असेल, द्यायचं दादाला आणि दिलं मला, तर? मग तुझंच खरं म्हणजे नुसतं, जा बाबा, पुरे कर? विचारायचं तर कुणाला? ते एका दुकानाच्या पायरीवर बसले, उठले आणि चुकून उलट्या दिशेला चालू लागले.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"सांगून टाका दादांना. आयुष्यभर टेंभा मिरवलाय त्यांनी."

"सांगतोच." बत्तीशीरावांनी तपकिरी पट्टा दादाच्या घड्याळाला लावला, जे कायम दादाचंच होतं त्याला. काळा आपल्याला. घड्याळजीनं झाकणातली पूड कागदाच्या पुडीत बांधून दिली होती, ती पुरावा म्हणून खिशात ठेवली. मनातल्या मनात वाक्यं जुळवली. दादा, बस, तुला एक गंमत सांगतो. नको, गंमत नको. दादा, अण्णांनी ना... तेही नको.

संध्याकाळी दादा आला. खोली लावून दमला होता, तरी आधी घड्याळच मागितलं. मनगटाशी धरलं, कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"बघ छोट्या, तू कितीही नकला जमव. खऱ्याचा आवाजच वेगळा असतो."

बायकोनं बत्तीशीरावांकडं पाहिलं. बत्तीशीरावांचा हात खिशातल्या पुडीवर गेला. आता. हाच क्षण.

"तुला एक सांगू?" दादाच पुढं बोलला. घड्याळ अजून कानाशी होतं. "मला तुझा फार हेवा वाटायचा. तू अण्णांजवळ राहिलास. त्यांच्या कवळ्या केल्यास, त्यांचं आजारपण काढलंस. तुला अख्खे अण्णा मिळाले. माझ्याकडं त्यांचं एवढं एकच आहे बघ. पोरीला तेच देतोय. हे खरं आहे ना, म्हणून धीर वाटतो."

बत्तीशीरावांनी पुडी सोडून हात खिशातून बाहेर काढला. दादा उत्तराची वाट पाहत होता, लहानपणी मिटलेली मूठ पुढं करून 'ओळख' म्हणायचा तसा.

"तुझंच खरं, दादा," बत्तीशीराव म्हणाले.

बोलून झालं आणि ते दचकले. तो आवाज त्यांचा नव्हताच. तो अण्णांचा होता, बेसिनपाशी हात पुसत बोलणाऱ्या अण्णांचा. अगदी तसाच हलका, दमलेला आणि मायेचा.

दादा खूष होऊन गेला. दार लागल्यावर बायको जवळ आली.

"सांगितलं नाहीत ते बरं केलंत. पण मग अण्णांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं, की आत्ता तुम्ही म्हणालात तसंच नुसतं समजूत काढायला?"

"मला काय माहीत!" बत्तीशीराव जवळजवळ ओरडलेच. सकाळपर्यंत ते वाक्य म्हणजे नुसती दमलेली कबुली होती. दुपारी ते खरं झालं, आणि आता त्यांनी स्वतःच ते शब्दन्‌शब्द खोटं बोलून दाखवलं होतं, आणि तरीही त्यात दादाबद्दलची मायाच होती. अण्णांनी यातलं काय केलं असेल? डोळे भरून आले, आणि ते नेमके कशासाठी हेही त्यांना सांगता येईना.

"बरं, हे कुठं ठेवू?" बायकोनं काळ्या पट्ट्याचं घड्याळ उचललं. "ट्रेमध्ये नकलांच्यात, की तिजोरीत?"

बत्तीशीरावांनी ते तिच्या हातून घेतलं आणि मनगटावर बांधलं. आजीबाईंची कवळी उद्या सकाळी द्यायची होती. ते पुढच्या खोलीत गेले, खुर्ची ओढली. पूड उडेल म्हणून त्यांनी घड्याळावर बाही ओढून घेतली. मग बाही पुन्हा वर सारली आणि गुलाबी पूड कालवायला घेतली.