आबा जिथे अडतात

धोंडीराम आबांना जाऊन वर्ष झाले होते आणि आता त्यांच्याकडून एक वाक्य हवे होते. आपल्याकडे मेलेल्या माणसाला पाणी देण्याची रीत आहे. त्याच्याकडून काही घेण्याची रीत नवी. पाटोद्याच्या बाजारतळावर प्रथम पुण्यस्मरणाचा सोहळा होता. 'सोहळा' हा शब्द पत्रिकेवर सोनेरी शाईत होता. दुपारी कीर्तन, मग फुले, मग पंगती, आणि दिवस कलताना मोठ्या पडद्यावर खुद्द आबा. फेटा सारखा करून, गर्दीवरून नजर फिरवून ते म्हणणार होते, "मी शब्द देतो की सूनबाई योगिता ह्या गटात माझं काम पुढं नेईल."

जिल्हा परिषदेचा तो गट महिलांसाठी राखीव झाल्याची सोडत निघाली, तेव्हा आबा वारून कित्येक महिने लोटले होते. या विषयावरचे त्यांचे मत नेमके केव्हा बनले, असे कोणी विचारले नाही. योगिता ही आबांचे चिरंजीव अमरसिंह यांची बायको; तिला निवडणूक लढवायची आहे का, हेही कोणी विचारले नव्हते. आबांची मुलगी सत्यशीला मात्र दहा वर्षे त्यांच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून वाड्यावस्त्या हिंडली होती. कोणत्या वस्तीवरचा हातपंप कधीपासून कोरडा आहे ते तिला तोंडपाठ होते. गट तिचाच, असे सारा तालुका धरून चालला होता. म्हणूनच आबांना बोलावणे भाग होते: जिवंत भावाने बहिणीला डावलले तर लोक नावे ठेवतात, मेलेल्या बापाने डावलले तर डोळे पुसतात.

आबांना बोलते करण्याचे काम अंगदकडे आले. अंगद शिरूर कासारचा. आईबाप अजूनही दिवाळी उरकली की कोयते घेऊन ऊसतोडीला साखरपट्ट्यात जातात. त्याचे पाटोद्याच्या स्टँडजवळ दुकान होते. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फलक तो बनवी. पुढाऱ्यांच्या बाबतीत फोटो तोच राही, फक्त भोवतीचा रंग बदले. आबांच्या जुन्या भाषणांचे व्हिडिओ त्याने आपल्या लॅपटॉपला कित्येक दिवस चारले होते आणि त्यातून हळूहळू एक चेहरा आणि एक आवाज वर आला होता. त्या भाषणांत आबांनी इतक्या वेळा शब्द दिला होता, की यंत्र सगळ्यांत आधी 'मी शब्द देतो' एवढेच अस्खलित शिकले. ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी वसतिगृह, हा तो शब्द असे. दर निवडणुकीला त्याची फेरनोंदणी होई. अंगद त्याच वसतिगृहाची वाट पाहत, शेजारणीच्या ओसरीवर हंगामामागून हंगाम काढत मोठा झाला होता.

अडचण लॅपटॉपची होती. गेमिंगचा, पुण्याहून जुना घेतलेला. पुरुषभर उंचीच्या, पापण्या हलवणाऱ्या आबांचा व्हिडिओ त्याच्या वेगाने सोहळ्यानंतर आठवड्याने तयार झाला असता. तेव्हा अंगदने ते केले, जे अनेक तरुण करतात आणि त्यातले थोडे नंतर त्याविषयी बोलतात. ग्राफिक्स कार्डाने किती वीज ओढावी, किती वेगाने धावावे, किती तापल्यावर आवरते घ्यावे, हे एका छोट्या चिपमध्ये लिहिलेले असते. त्याला बायोस म्हणतात. ते बनवणाऱ्याने घातलेले बंधन असते. अंगदने ते पुसून त्या जागी दुसऱ्याच, जाडजूड आणि दोन पंखे जास्त असलेल्या लॅपटॉपचे बायोस भरले. ते कसे करायचे हे सांगणारा इंटरनेटवरचा गडी शेवटी हसून म्हणाला होता, की ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावे. खाली शेरे होते. एकाने लिहिले होते, माझे मॉडेल हेच, स्क्रीन काळी झाली आहे, कोणी आहे का? त्याला दोन वर्षांत कोणी उत्तर दिले नव्हते. स्मशानात नाव पुकारावे तसा तो प्रश्न तिथे पडून होता. अंगदने तो वाचला आणि पुढचे बटण दाबले. जुन्या बायोसची प्रत त्याने जपून ठेवली, आणि ठेवली कुठे, तर त्याच लॅपटॉपमध्ये.

पहिले तीन दिवस यंत्र सुसाट धावले. चौथ्या दिवशी, म्हणजे सोहळ्याच्या सकाळी, अमरसिंहच्या बंगल्यातल्या वरच्या हॉलमध्ये, कूलरचे तोंड लॅपटॉपकडे वळवलेले असताना, आबा अडले.

"मी शब्द देतो की..."

एवढे म्हणून ते थांबत. तोंड अर्धवट उघडे राही, डोळ्यांवरून हिरवे-जांभळे चौकोन मुंग्यांसारखे सरकू लागत, आणि सगळे बंद पडे. पुन्हा सुरू करावे, तर पुन्हा तिथेच.

"काय झालं बे?" अमरसिंहने विचारले.

"तापलंय, भैय्या. त्या जागी चेहरा जवळून दिसतो, लोड येतो. जरा गार होऊ द्या."

"सकाळधरनं हेच चाललंय तुझं. आबा हयातीत एवढे अडले न्हाईत कधी."

"हयातीत त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या असायचा, भैय्या," पंडित म्हणाला. पंडित हा अमरसिंहच्या मागेपुढे असणारा माणूस. तो कशासाठी असतो ते कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. "ठिवून बघायचा का?"

"तुझ्या डोक्यात ठिव."

तेवढ्यात आबांची पत्नी सत्यभामाबाई वर आल्या. पडद्यावर आबांचा चेहरा थिजलेला होता. बाईंचा हात आपसूक वर गेला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. 

"कितींदा अडले?" त्यांनी विचारले.

"दर येळी तिथंच, आईसाहेब," पंडित म्हणाला. "शब्द देतो म्हनत्यात आन् देतच न्हाईत."

बाई हसल्या नाहीत. "दहाव्याला बी असंच झालंतं," त्या म्हणाल्या.

दहाव्याला काय झाले ते तालुक्याला ठाऊक होते. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अमरसिंहने हात जोडून पुतळा कबूल केला, देवळाला कळस कबूल केला. कावळे बाभळीवर बसून राहिले. ऊन चढले, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची भाषा काढली, तेव्हा कंटाळून म्हणा, घाबरून म्हणा, अमरसिंह म्हणाला, "आबा, सत्यशीलाला मागं ठेवणार न्हाई." आणि कावळा उतरला. सत्यशीलेचा सगळा हक्क त्या एका पक्ष्याच्या चोचीवर उभा होता. दहा वर्षांच्या हिंडण्याला ज्या समाजात साक्षीदार मिळत नाही, तिथे कावळ्याला मिळतो.

"आई, ते मशीन हाय," अमरसिंह म्हणाला. "तापतंय."

"आन् दहाव्याला कावळा तापलता का रं?"

अंगद खाली बघत राहिला. दहाव्याचे चित्रीकरण त्यानेच केले होते, ड्रोनने. पिंडाच्या बरोबर वर ते घरघरत उभे होते. बॅटरी संपत आली म्हणून त्याने ते खाली घेतले, आणि पंखे थांबले न थांबले तोच कावळा आला होता. नेमके त्याच वेळी अमरसिंह सत्यशीलेचे नाव घेत होता. अंगदने हे वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवसाचे चित्रीकरण याच लॅपटॉपमध्ये होते. आणि आता आबा दुसऱ्यांदा त्याच्याच हाताखाली अडले होते. एकदा घडले तर तो योगायोग, हे त्याला मान्य होते. दुसऱ्यांदा मात्र त्याला वाटू लागले, की ड्रोन आणि बायोस ही केवळ निमित्ते असावीत, आणि ज्याला अडायचेच आहे तो हाताशी येईल त्याचा वापर करत असावा.

"काहीतरी बोला, भैय्या," पंडित हळूच म्हणाला. "बोलायला काय जातंय?"

अमरसिंहने इकडेतिकडे पाहिले आणि लॅपटॉपपुढे हात जोडले. "आबा, बाजारतळावर पुतळा बसवतो. घोड्यावरचा."

"आबा घोड्याला लई भ्यायचे, भैय्या."

"गप बस बे! चालव रे."

अंगदने चालवले. मी शब्द देतो की... चौकोन. अंधार.

"वसतिगृह बांधतो," अमरसिंह म्हणाला. "ऊसतोड्यांच्या लेकरांचं. खरंच बांधतो."

या वेळी बटण दाबताना अंगदचे बोट क्षणभर थबकले. स्वतःच्या अपेक्षेची त्याला लाज वाटली. आबा तिथेच अडले.

"तुला ठाव हाय त्यांना काय पायजे," बाई म्हणाल्या. दारात सत्यशीला येऊन उभी राहिली होती.  अमरसिंहने तिला पाहिले, अंगदच्या दंडाला धरून त्याला गॅलरीत नेले आणि दार लोटून घेतले.

"खरं सांग. मशीन हाय का आबा हायत?"

या प्रश्नावर सगळे अडले होते. अंगद म्हणाला असता 'आबा हायत', तर संध्याकाळी त्या गटात सत्यशीला उभी राहिली असती. 'मशीन' म्हणाला असता, तर योगिता. पण त्या क्षणी त्याला बहीणही दिसली नाही आणि सूनही नाही. आत टेबलावर धापा टाकत असलेली आपली भाकरी दिसली. शिवाय तो स्वतः घाबरला होता, आणि हे सगळे यंत्रच आहे असे मोठ्याने म्हणून पाहण्याची त्यालाच गरज होती.

"मशीन हाय, भैय्या. मी कार्डाचं बायोस बदललंय, पळवायला. जुनं परत टाकलं की सरळ चालंल. राहिलाय तेवढाच तुकडा, होईल संध्याकाळपर्यंत."

अमरसिंह एवढ्या मोठ्याने हसला की खाली मांडवातली माणसे वर बघू लागली. "मंग कशाला बसलास बे सकाळपासून आमाला भूत दाखवत? टाक की!"

सगळ्यांच्या देखत टाकायचे, हा अमरसिंहचा हट्ट. आईला बसवले, सत्यशीलेलाही बसवले. अंगदने जुनी प्रत काढली. पडद्यावरची पट्टी भरत गेली. ती भरताना वीज जाता कामा नये, हे त्याने दोनदा बजावले. पंडित वायरपाशी हात बांधून देवघराच्या पुजाऱ्यासारखा उभा राहिला. लांबून कीर्तनातला टाळ ऐकू येत होता. पट्टी भरली. लॅपटॉप मिटला, उघडला, आणि त्याचा पंखा कित्येक दिवसांनी माणसात आल्यासारखा मंद फिरू लागला. हात लावला तर गार. आता अडायला काही कारण उरले नव्हते.

काम सावकाश चालले. ऊन भिंतीवरून उतरले. शेवटी अंगदने तो तुकडा लावला.

आबा स्वच्छ होते. एकही चौकोन नव्हता. त्यांनी फेटा सारखा केला, गर्दीवरून फिरवायची नजर त्या पाच माणसांवरून फिरवली.

"मी शब्द देतो की..."

आणि ते थांबले. चेहरा फुटला नाही, काही नाही. ऐनवेळी विचार बदललेल्या माणसासारखे ते नुसते थांबले आणि समोरच्या पाचांकडे बघत राहिले. मग पडदा काळा झाला. जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास सुटला. अंगदने बटण दाबले, धरून ठेवले, पुन्हा दाबले. काही नाही.

त्याला कारण कळत होते. तीन दिवसांच्या भट्टीत कार्डाला जो चटका बसला, तो जुनी फाईल परत टाकून भरून निघत नाही. बंधन परत घालता येते, भाजलेले परत येत नाही. हे कारण पुरेसे होते. ते नेमक्या त्या चार शब्दांनंतरच का लागू झाले, एवढेच त्यात बसत नव्हते. त्याने तोंड उघडले. पण आता काहीही सांगितले तरी कोणी ऐकणारे नव्हते. अमरसिंहने स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

"ताई," तो म्हणाला, "संध्याकाळी तूच बोल."

अशा प्रकारे न्याय झाला. एका भाजलेल्या चिपने तो केला आणि सत्यभामाबाईंनी टेबलावरच्या त्या मेलेल्या यंत्रापुढे भाताचा घास ठेवून त्याची पोच दिली.

दिवस कलताना अंगद व्यासपीठामागे खुर्चीवर बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप. त्याच्यात त्याचे दुकान होते, आबांचा आवाज होता, आणि दहाव्याचा तो कावळाही. सत्यशीला पायऱ्यांपाशी थांबली.

"मशीनच गेलं ना, अंगद?"

"हो, ताई."

"वाटलंच."

त्याला राहवले नाही. "ताई, दहाव्याला जे झालं, ते..."

"तुझं ड्रोन उतरलं तवा कावळा आला," ती शांतपणे म्हणाली. "मी समोरच्या दगडावर बसलते."

"मग तुमी बोलला न्हाईत कुणाला?"

"तू बोललास का?"

ती पायऱ्या चढली. अमरसिंहने भरल्या आवाजात सत्यशीलेने हा गट लढवावा, ही आबांची शेवटची इच्छा जाहीर केली आणि माईक तिच्या हाती दिला. टाळ्या पडल्या. सत्यशीलेने डोक्यावरचा पदर दोन बोटांनी सारखा केला, डावीकडून उजवीकडे, फेट्याला करतात तसा, आणि गर्दीवरून नजर फिरवली. ती नजर अंगदने कित्येक दिवस एकेक चित्र थांबवून पाहिलेली होती.

"मी शब्द देते की..."

तिच्या डोळ्यांवर हिरवे-जांभळे चौकोन केव्हा सरकतात याची अंगद वाट पाहू लागला.

"...ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी ह्या तालुक्यात वसतिगृह उभं राहील."

ती अडली नाही. गर्दी उठून उभी राहिली. अंगदने पिशवीवर हात ठेवला. दुपारीच गार पडलेल्या लॅपटॉपचा तळ, कुणी नुकताच चालवून ठेवावा तसा, ऊन ऊन लागत होता.