तालमीतला मार

नाटकाचं नाव 'लेकरांना मारू नका' असं होतं, आणि त्याच्या तालमीत सकाळपासून सात लेकरांनी मार खाल्ला होता.

नायगावजवळच्या त्या शाळेत आज बालहक्क दिन. बारा वाजता नांदेडहून साहेब येणार, म्हणून मुख्याध्यापक गुरुपादप्पा सर स्वतः तालमीला उभे होते. हातात निरगुडीचा फोक. ओला फोक मोडत नाही आणि अंगाला बरोबर चिकटतो, असं ते नव्या शिक्षकांना मोठ्या आपुलकीनं सांगत.

शाळेची खिचडी शिजवणारी केवळाबाई उलथणं फिरवत सगळं बघत होती. तिचा जीव मात्र नातीच्या, महामायाच्या, डाव्या कानात अडकला होता. पोळ्याच्या आधी पाढा चुकला म्हणून सरांनी पोरीच्या कानशिलात दिली, तेव्हा कानातून रक्त आलं होतं. पडदा जेमतेम जुळलाय, आणखी एक बसली तर हा कान गेला म्हणून समजा, असं डॉक्टर म्हणाले. केवळाबाईनं डॉक्टरचा कागद सरांना नेऊन दिला. सरांनी तो वाचला, हळहळले आणि फायलीला लावला.

मग नाटकात मार खाणाऱ्या मुलीचं काम त्यांनी महामायालाच दिलं. चेहरा कामाला शोभतो म्हणाले.

मारकुटा मास्तर झाला होता शिवम. तो हात नुसता हवेत फिरवायचा. सरांनी त्याला दोनदा तोंडी समजावलं, तिसऱ्यांदा पोटरीवर फोक ओढून समजावलं. कातडी फाटली. शिवम लंगडत पुन्हा उभा राहिला, पण महामायाला काही मारीना. महामायाही रडेना.

साहेबांना हे खरं वाटायचं नाही, सर म्हणाले, आपल्यालाच करून दाखवावं लागणार. त्यांनी फोक टेबलावर ठेवला आणि बाह्या सारल्या.

केवळाबाई चुलीपासून उठली, उलथणं हातातच.

"सर, त्या कानाला हात लावू नका. डॉक्टरचा कागद हाय तुमच्यापाशी."

"बाई, नाटक चालू हाय. तुम्ही खिचडी बघा."

थप्पड बसली. महामाया भिंतीवर आदळली आणि खाली बसली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली.

"असं मारायचं," सर शिवमला म्हणाले, आणि पुन्हा दाखवायला हात उचलला.

केवळाबाईनं दीडशे पोरांची खिचडी हलवायचं ते लोखंड दोन्ही हातांनी त्यांच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सातवीच्या वर्गापर्यंत गेला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा गुडघ्यावर. सर तोंडावर पडले, दोन दात फरशीवर आले. केवळाबाई रोज कढई ढवळावी तशी कामाला लागली होती. चौथ्या वेळी उलथणं डोक्याच्या रोखानं वर गेलं, तेव्हा शिवमनं तिचा हात धरला.

"आजी, बास. मरंल त्यो."

साहेब वेळेवर आले आणि सरांना जीपमध्ये घालून तसेच नांदेडला परतले. पोरीलाही न्या, असं कुणीतरी म्हणालं. जीपमध्ये जागा नव्हती. पोलिसांना फोन गेलेला होता. ते यायच्या आत लेकरं जेवून घेतील म्हणून केवळाबाईनं पंगत बसवली. खिचडी बुडाला लागली होती. कुणी कुरकुर केली नाही.

महामायाची मान पुसून तिनं आधी तिला वाढलं, डाव्या बाजूला टेकली आणि हळूच हाक मारली. पोरगी खातच राहिली. तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मग केवळाबाई उठली आणि नातीच्या उजवीकडं जाऊन बसली.