चारशे बारा पायऱ्या

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ही कवडी मला एका खेकड्याने दिली आहे. स्वतःच्या नांगीने, उजव्या," शशिकांत म्हणाला, आणि अंगठ्याखालचा तो गुळगुळीत, ठिपक्याठिपक्यांचा फुगवटा त्याने पुन्हा एकदा चाचपला. खालच्या बाजूला, फटीपाशी, एक खरखरीत जागा होती. तिथे कधीकाळी दुकानाची चिठ्ठी होती, आणि ती नखाने खरवडताना मद्रासच्या स्टेशनावर त्याचा अख्खा चहा थंड झाला होता... पण खेकड्याला कोण विचारायला जातंय.

"पिछली बार लेफ्ट बोला था आपने," ओजस्विनी म्हणाली. नात अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"तो त्याचा भाऊ."

उत्तरेतल्या त्या मनीमाजऱ्याच्या गच्च्यांवर धुकं अकरापर्यंत बसून राहिलं होतं आणि आता कुठे उन्हाला जागा देत होतं. सून ऋजुता लॅपटॉपवर टॉवेलची सावली करून अंदमानची तिकिटं काढत होती. बायको गिरिजा वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून मटार सोलत होती. दाणे पातेल्यात, सालं त्या गवती टोपीत. रुंद काठाची, निळी फीत लावलेली टोपी. दर हिवाळ्यात ती मटारच्या सालांसाठी खाली निघते, आणि दर हिवाळ्यात शशिकांत दुसरीकडे बघतो.

"चार नावं भरली," ऋजुता म्हणाली. "आई, तुमचं भरू ना?"

"नको गं. माझे गुडघे हा जिना चढतात तेवढंच पुष्कळ."

"बाबा, तुम्हीच सांगा आता त्यांना. तुम्ही महिनाभर राहिलाय तिथे. जमेल की नाही आईंना?"

जमेल. एवढा एकच शब्द, आणि तो जिभेवर आलाही होता. मग पोटात कुठेतरी एक गार, लबाड सुटका का पसरली? नको म्हणतेय ना ती, मग नको. तिचं तिनेच ठरवलं... आणि लगेच त्या सुटकेची लाज, जुन्या जखमेसारखी, हवा बदलली की ठणकणारी.

महिनाभर. एअरफोर्समधली तात्पुरती ड्यूटी, अठ्ठावीस दिवसांची. त्यातले सत्तावीस मद्रासजवळच्या एका हँगरमध्ये गेले, पत्र्याखाली, पेट्यांना दोर बांधण्यात. आणि एक दिवस मालवाहू विमानाच्या पोटात बसून तो अंदमानला उतरला — साडेतीन तास, धावपट्टीच्या कडेला. तिथून समुद्र दिसला तो माडांच्या बुंध्यांमधून, चार बोटं रुंद. एवढाच. पण घरी परतला तेव्हा गिरिजा दारात उभी होती, जतची, कोरड्या मुलखातली. समुद्र तिने पाहिला होता एकदाच, मुंबईत, टॅक्सीच्या काचेतून, तोही ओहोटीचा. कसा होता हो, तिने विचारलं. आणि चार बोटं रुंद समुद्र मी तिच्यापुढे कसा टाकणार होतो? मी तो थोडा ओढला. मग आणखी थोडा. मासे आले, खेकडा आला. वादळात होडी वाचवली म्हणून गावकऱ्यांनी एका धक्क्याला माझं नाव दिलं, शशिकांत साहेबांचा धक्का. ती पोळी लाटता लाटता थांबायची. ते थांबणं... त्या थांबण्यासाठी मी आणखी दोन बेटं निर्माण केली असती. केलीही.

आणि मग चौऱ्याण्णव साल. एलटीसीवर सगळं फुकट, फक्त रजेचा अर्ज द्यायचा. गिरिजाने वहीत यादी केली: रबरी चपला, मुलासाठी, छोट्या प्रतीकसाठी, छत्री, काजूची चिक्की, सेक्टर सतराच्या बाजारातून ती टोपी आणली आणि स्वयंपाकघरातही घालून हिंडली. "उतरल्या उतरल्या आधी तुमचा धक्का," ती म्हणायची. "पहिला माणूस भेटेल त्यालाच विचारते." पहिला माणूस! शशिकांतला तो पहिला माणूस रात्रंदिवस दिसू लागला — लुंगीतला, बिडी ओढणारा, मान हलवून नाही म्हणणारा. अर्ज लिहिला, सही केली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. अर्ज द्यायच्या ऑर्डरली रूमच्या दारापर्यंत तो तीनदा गेला. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, रजा रद्द झाली, सगळ्यांच्याच. सीमेवर काहीतरी चाललंय. ती बरं म्हणाली. टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि कणीक मळायला बसली. पुढची सुट्टी सासूबाईंच्या आजारपणात गेली, त्यापुढची बदलीत... आणि मग गुडघे.

"बाबा?"

त्याने वर पाहिलं. तिघी त्याच्याकडे बघत होत्या. आता सांग. निदान आता. जमेल म्हण, मी हात धरीन म्हण, धक्का नाही निघाला तर नाही निघाला, या वयात कोण हसणार आहे... आणि त्याला त्याचाच आवाज ऐकू आला, खर्जातला, सरावलेला, गोष्टीतला:

"बाकी सगळं ठीक आहे. पण धक्क्यावरून किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या आहेत. चारशे बारा. मी मोजल्यात."

"बाप रे," ऋजुता म्हणाली. तिचा हात बटणांवरून उचलला गेला.

हे काय केलं मी. चौऱ्याण्णवला निदान भीती होती. आज काय होतं? शब्द परत गिळता आले असते तर... पण ते उन्हात सुटले होते आणि पायरी पायरी होऊन गिरिजाच्या गुडघ्यांपुढे उभे राहिले होते. "तरी पण," तो घाईने म्हणाला, "तेव्हा गेलो असतो तर चढली असतीस तू हरणासारखी. रजाच रद्द झाली, काय करणार."

गिरिजाने एक शेंग दाबली. दाणे पातेल्यात पडले. एक मोढ्याखाली गेला, तो तिने वाकून उचलला आणि फुंकला.

"पायऱ्या नाहीत तिथे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता; मीठ कमी आहे असं सांगावं तसा होता. "इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात, तिथली वाळू इतकी सपाट की मटारचा दाणा ठेवला तरी घरंगळत नाही."

"पकडे गए आजोबा," ओजस्विनी टाळी वाजवून म्हणाली.

शशिकांत हसायला गेला. तो दुसरा किनारा, हे त्याच्या ओठांवर तयार होतं. पण गिरिजा अजून त्याच्याकडेच बघत होती, लाटणं हातात धरून बघायची तशी, थांबून.

"आणि रजा रद्द झाली नव्हती. अर्ज तुमच्या शर्टाच्या खिशात होता, भिजवताना मिळाला मला."

तिने पुढची शेंग घेतली.

म्हणजे ती होडी, तो खेकडा, त्याचा भाऊ, सणासुदीला पाहुण्यांपुढे, बारशांना, पोस्टिंगवरच्या शेजाऱ्यांपुढे... या सगळ्यात ती तिथे बसलेली होती, ठाऊक असताना, मध्येच विचारतसुद्धा होती, मग पुढे काय झालं हो? त्याला वाटत होतं त्या बेटावर तो एकटाच आहे. कवडीची खरखरीत जागा अंगठ्याला लागली, आणि अंगठा तिथेच राहिला.