तारेनं बांधलेलं फिरतं स्टूल

मित्रांनो, माझ्यावर बसणारा आधी एक गिरकी घेतो आणि मगच आपलं दुखणं सांगतो. मी नायगावजवळच्या एका सरकारी दवाखान्यातलं जुनं फिरतं स्टूल आहे. लातूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. तिथल्या मिस्त्रींनी मला हातानं फिरवलं आणि म्हणाले, "झकास फिरतंय." ती माझी पहिली शाबासकी. फिरणं हाही गुन्हा असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

इंजेक्शनच्या खोलीत सुमन सिस्टर होत्या. लेकरू कितीही किंचाळो, त्यांचा आवाज कधी चढला नाही.

एके दिवशी मनिषा नावाची बाई आपल्या सात वर्षांच्या आरतीला घेऊन आली. पोरीच्या कपाळाला खोक पडली होती. पण ती एका जागी बसेल तर शपथ! माझ्यावर चढली, गरगर फिरली, उतरली, कापूस विस्कटला, पुन्हा चढली. शिपाई शेषेराव तिच्यावर ओरडले.

"फिरू द्या तिला. तेवढ्यात मी सामान काढते," सिस्टर म्हणाल्या.

पट्टी बांधताना त्यांना पोरीच्या घोट्यावरचा वळ दिसला.

"बांधून ठेवतीस का गं हिला?" त्यांनी हळूच विचारलं.

मनिषाचे डोळे भरले. "काय करू सिस्टर? शाळंत बसंना, गुरुजी म्हणतेत घेऊन जावा. रानात नेलं तर विहिरीकडं पळती. कापूस येचू का हिच्यामागं धावू? ओढणीनं बाजंला बांधते अन् रानात रडत बसते."

"पोर वांड न्हाई, अन् तूबी वाईट माय न्हाईस. नांदेडच्या डॉक्टरला दाखवू. मी येते संगं."

तिथं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याच्या आणि अति चुळबुळीच्या त्रासाचं, निदान झालं. सिस्टरांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं भूक मरायची, म्हणून गोळीआधी पोटभर भाकर द्यायला त्यांनी मनिषाला शिकवलं. दर महिन्याला पोरीचं वजन त्या स्वतः बघत. एका वेळी एकच काम सांग, झालं की पाठ थोपट, असं सांगत. फळा पुसायचं काम हिलाच द्या, म्हणून गुरुजींना गळ घालून आल्या. आणि आरती दवाखान्यात आली की पहिल्या गिरक्या माझ्यावर! मनिषानं ओढणीची गाठ पुन्हा कधी मारली नाही.

मग सिस्टरांची हिमायतनगरला बदली झाली. जाताना मला तेल घालून गेल्या. नव्या सिस्टर कामाला चोख, पण सदा घाईत. लेकरं गिरक्या घेतात म्हणून शेषेरावांनी मला तारेनं आवळून टाकलं. घोट्यावरचा वळ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दाराशी चपला वाजल्या की वाटायचं, सुमन सिस्टर आल्या. कुणी दुसरंच असायचं.

परवा आरती आईबरोबर लस घ्यायला आली. आता दहा वर्षांची झालीय. ती माझ्यावर बसली, वळायला गेली, मला वळता येईना. तिनं वाकून तार पाहिली.

"मामा, ह्याला का बांधलंय?"

"एका जागी राहतच न्हाई ते," शेषेराव म्हणाले.

"मग फिरतं स्टूल हाय न्हवं!"

लस घेतली आणि पोर खाली फतकल मारून तार सोडायला बसली. पीळ गंजलेले होते. चपलेचा बंद लावायच्या आत जी पळून जायची, ती एकेक पीळ उलगडत राहिली. दोनदा उठली, खिडकीपर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली. शेषेरावांनी पक्कड आणून तिच्या हाती दिली. शेवटी तार सुटली. तिनं मला एक गिरकी दिली आणि आईमागं निघून गेली.

मित्रांनो, चुळबुळणारं लेकरू तुमच्या वर्गात, घरात असेल. त्याला हसू नका, बांधू नका. थोडं फिरू द्या आणि जवळ थांबा.

सुमन सिस्टर, कुठं आहात? पोरीनं सगळी तार सोडवली हो. तुम्ही बघायला हव्या होतात.