पोकळीत भरलेली लांबी

घरात कपबशी फुटली की आपण पहिल्यांदा विचारतो, "कोणी फोडली?" कचेरीत काम बिघडलं तरी प्रश्न तोच. मला वाटतं, यातून सुटलेली माणसं फार थोडी असतील. किशोर गायधनीही सुटले नव्हते.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या ओतकामाचा एक कारखाना होता. किशोरराव त्याचे व्यवस्थापक. माणूस सचोटीचा, पण चुकीचा त्यांना भारी राग. दाराशी त्यांनी एक फळा लावला होता. साचा करणारा प्रत्येक कामगार साच्यात आपली खूण उमटवी आणि ती ओतलेल्या भागावर उठे. भाग खराब निघाला की खुणेवरून माणूस शोधायचा आणि त्याचं नाव फळ्यावर लाल खडूने लिहायचं.

"आज कुणाची वरात?" भट्टीवरचे जमीलभाई आत येता येता विचारत. बाकीचे हसत. ज्याचं नाव लागलेलं असे, तो मात्र त्या दिवशी डबा एकटाच खाई.

२००२ सालच्या फेब्रुवारीत निफाडजवळ, द्राक्षतोडणीच्या बाया घेऊन निघालेल्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचं चाक निखळलं. ट्रॉली कलंडली. पेठकडून कामाला आलेली मैना तिच्याखाली सापडली. तिचा पाय मोडला. तुटला होता तो हब, म्हणजे चाक ज्यावर बसवतात तो ओतीव भाग. हब किशोररावांच्या कारखान्याचा होता. त्यावर खूण मल्हारीची.

"साहेब, वाळू नीट ठोकली होती मी. आईची शपथ!" मल्हारी म्हणाला.

"ते आता पुण्याचं यंत्रच सांगेल," किशोरराव म्हणाले. "आणि चूक तुझी निघाली, तर तू घरी बसायचंस."

पुण्याच्या एका संस्थेत संध्याताई कुलथे धातूंची तपासणी करत. निवृत्तीला आलेल्या, बोलायला मोकळ्या. किशोररावांनी आणलेल्या हबच्या तुटलेल्या जागेचा त्यांनी सुपारीएवढा तुकडा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवला. यंत्र तयार होईपर्यंत किशोररावांनी त्यांना मल्हारीच्या खुणेबद्दल आणि आपल्या फळ्याच्या पद्धतीबद्दल मोठ्या अभिमानाने सांगितलं. संध्याताई "असं का?" एवढंच म्हणाल्या.

पडद्यावर करड्या रंगाचं चित्र उमटलं. डोंगरदऱ्यांसारखं काहीतरी. मधोमध एक पोकळी आणि तिच्या भिंतींवर नेच्याच्या पानांसारखी लोखंडाची इवली झाडं.

"वाळूच्या चुकीने वायूचा फुगा धरला असता तर भिंत गुळगुळीत दिसली असती," संध्याताई म्हणाल्या. "ही आकसण्याची पोकळी आहे. लोखंड थिजताना आकसतं, तेव्हा त्याला वरून आणखी रस मिळावा लागतो. तो मिळाला नाही की अशी झाडं उघडी पडतात. यात मल्हारीची काही चूक दिसत नाही. साच्याच्या वर रसाचा साठा ठेवणारा तुमचा रायझर केवढा आहे?"

 लोखंड वाचावं म्हणून दिवाळीच्या सुमारास रायझर लहान करायला त्यांनीच सांगितलं होतं.

"थांबा, हे काय?" संध्याताईंनी चित्र सरकवलं. पोकळीच्या तोंडाशी काहीतरी पांढरं लखलखत होतं. "धातूतून वीज वाहून जाते. ज्यातून वाहत नाही, त्यावर ती साचते आणि ते असं चमकतं. म्हणजे हा धातू नव्हे." त्यांनी त्या जागेतली मूलद्रव्यं तपासली. "कार्बन भरपूर आहे. लाकडाच्या भेगा बुजवतात ती लांबी आहे ही, गायधनी! भोक लांबीने बुजवून वरून रंग दिलाय."

"कोणी?" किशोरराव ताडकन उभे राहिले. "कोणी भरली?"

"बसा. हे यंत्र हजारो पटींनी मोठं दाखवतं, पण यात माणसं दिसत नाहीत. असे आणखी किती हब बाहेर गेलेत?"

"ते ज्याने लांबी भरली त्यालाच ठाऊक!"

"आणि तो सांगेल? तुमच्या फळ्यासमोर उभं राहून?" संध्याताईंचा आवाज चढला. "भोक दाखवलं तर नाव चढणार, झाकलं तर दिवस निभणार. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? तुम्ही 'कोणी' विचारत राहाल आणि तिकडे ट्रॉल्या धावत राहतील!"



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना दाराशी बोलावलं.

"पोकळी रायझरमुळे झाली," ते म्हणाले. "तो मी लहान करायला लावला होता. मल्हारीचा दोष नाही." "हबमध्ये लांबी सापडली आहे. कोणी भरली ते मी विचारणार नाही. कधीपासून आणि कोणत्या हबमध्ये, एवढंच सांगा. त्या ट्रॉल्यांत माणसं बसतात."

 

"साहेब, ही जबान संध्याकाळपर्यंत टिकेल ना?" जमीलभाईंनी विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

किशोररावांनी खिळ्यावरून फळा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मागून भाग घासण्या-रंगवण्याच्या कामावरची सविता पुढे आली. पदर तिने घट्ट धरला होता.

"दिवाळीपासून, साहेब. जवळजवळ सगळ्यांतच. भोक दिसलं की मीच भरायचे."

"अगं, पण का?"

"मल्हारीभाऊंचं नाव सारखं लागायचं. त्यांची पोरगी बापाला डबा द्यायला यायची, फळा वाचायची. मला बघवायचं नाही." ती रडू लागली. "बाई मोडली हो माझ्यापायी!"

 लपवणं चुकीचंच होतं! पण त्या चुकीत लबाडी नव्हती, माया होती. एवढी माया वाकड्या वाटेला लावली कोणी? किशोररावांना हा 'कोणी' फार लागला.

"तुझ्या एकटीपायी नाही," ते म्हणाले. "आधी ट्रॉल्या थांबवू."

ट्रॉल्या बनवणाऱ्याला फोन गेला. कोणत्या गावात कोणती ट्रॉली, ते त्याने सांगितलं. किशोरराव, मल्हारी आणि सविता जीपने निफाडकडे निघाले. दोन गावांतल्या ट्रॉल्या थांबवून झाल्या. तिसऱ्या गावात मळ्याच्या रस्त्यावर एक ट्रॉली सुटायच्याच बेतात होती, बायांनी भरलेली. किशोरराव जीपमधून उडी मारून ट्रॅक्टरला आडवे गेले.

"उतरा! सगळ्या खाली उतरा!"

"काय सायेब, आमचं वजन लय झालं का?" वरून एक म्हातारी ओरडली आणि हशा उसळला.

सविताने स्क्रू-ड्रायव्हरने हबवरचा रंग खरवडला. लांबीचा खपला निघून हातात आला. त्याखालून एक भेग केसासारखी थेट आतवर गेली होती.

"आजची फेरी काय झेपली नसती," मल्हारी हळूच म्हणाला.

म्हातारी आधी खाली उतरली. मग तिने एकेकीला हात देऊन उतरवलं. आता कोणी हसत नव्हतं. बाया रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या भेगेकडे बघत होत्या.

वाचकहो, मोठं काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. एवढंच वाटतं, की जिथे चूक सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथे चुका थांबत नाहीत, त्या झाकल्या जातात. घरात असो वा कारखान्यात, काही मोडलं तर आधी "का मोडलं?" असं विचारावं आणि खरं बोलणाऱ्याला जवळ बसवावं. सविता त्या सकाळी बोलली, म्हणून त्या बाया आपल्या पायांनी चालत मळ्यात गेल्या.