नाव न घेतलेलं झाड

निंबाला ऐकू कमी येतं हे खरं. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान आणखी कसे असणार? पण त्या दुपारी महेशनं विचारलेलं त्याला लख्ख ऐकू आलं होतं, आणि तरी "काय?" म्हणून त्यानं मान पुढं केली.

महेश अमरोलीचा. बाप शिरपूरकडचा, पण हा जन्मला सुरतेत आणि शिकला गुजराती शाळेत. ख्रिस्ती मंडळींचं शास्त्र अहिराणीत उतरवायचं काम तो करत होता. स्वतःची अहिराणी अर्धी गुजराती झालेली, म्हणून दर गुरुवारी तो कोसाडच्या सरकारी आवासात निंबाबाबाकडे येई. उखळाला काय म्हणता, वासराच्या दाव्याला काय म्हणता, असं विचारून वहीत टिपून घेई. निंबाला त्याचं भारी अप्रूप. नातवंडं घरात गुजरातीच बोलत. त्याचे शब्द मागायला येणारा हा एकटाच.

आज महेशचं एका झाडावर अडलं होतं. गोष्ट अशी, की एक संदेष्टा एका पापी शहरावर रुसून वेशीबाहेर उन्हात बसतो. शहर बुडेल म्हणून वाट पाहतो, आणि ते बुडत नाही याचाच त्याला राग. देव रातोरात त्याच्या डोक्यावर सावलीला झाड उगवून देतो, आणि दुसऱ्या पहाटे किडा लागून ते वाळतंही. मूळ इब्री भाषेत त्या झाडाला किकायोन म्हटलंय. साऱ्या शास्त्रात हा शब्द त्या एकाच गोष्टीत येतो, त्यामुळे झाड कुठलं हे पुढं लोक विसरूनच गेले. कुणी भोपळ्याचा वेल म्हटलं, कुणी दुसराच वेल, आणि त्यावरून थोर थोर पंडित भांडले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की जुन्या मिसर देशात दिव्यात घालायच्या एका तेलाला किकी म्हणत.

"म्हणजे आमच्या गुजरातीत दिवेला, बाबा," महेश म्हणाला. "फोनवर मराठी नाव सापडेल मला. पण तुमच्या तोंडचं हवंय. आपल्या बोलीत काय म्हणतात?"

कलाबाई दाराशी साडीला खडे चिकटवत बसली होती. तिचा हात थांबलेला निंबानं पाहिला.

ते नाव या दोघांनी त्रेचाळीस वर्षं घेतलं नव्हतं. पारोळ्याच्या बाजूला दोघं दुसऱ्याच्या शेतात निंदायला जात. म्हणीतल्या ओसाड गावात ज्याला बळी म्हणतात, तेच एक झाड बांधावर होतं, पंज्यासारख्या पानांचं. अडीच वर्षांची लेक चंचल त्याच्या सावलीत बसवलेली. पोर रडू लागली तसा निंबा गेला, बोंडं फोडून ठिपक्याठिपक्यांच्या बिया त्यानं तिच्या ओंजळीत दिल्या आणि परत विळा धरला. तिसऱ्या दिवशी पोर गेली. बिया खाल्ल्या एवढं कलाबाईला कळलं. दिल्या कुणी, ते निंबानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. वर्षाच्या आत दोघं सुरतेला आले. सुरतेनं एक सोय केली. इथं त्या तेलाला दिवेल म्हणतात. गुडघ्याला चोळायला बाटली आणली तरी ते जुनं नाव तोंडात येत नसे. नाव आलं की मागोमाग प्रश्न येणार, हे निंबा मनात धरून होता.

"भोपळा," तो म्हणाला.

महेशला हसू आलं. "बाबा, भोपळ्यापाशीच तर सगळे फसले."

"मंग आम्ही बी दिवेलाच म्हणतस."

"पारोळ्याला? तिकडे गुजरात्यांचं राज्य होतं का?"

"तू तेच लिख." निंबाचा आवाज चढला.

या माणसानं आजवर एक शब्द खोटा दिला नव्हता. म्हणून महेशनं वही पुढं ओढली.

"येरंड," दारातून कलाबाई म्हणाली. "येरंड लिख, भाऊ. यास्ले याद नही."

महेशनं लिहून घेतलं. झाड वाळल्यावर देव त्या माणसाला काय बोलला, असं कलाबाईनं विचारलं. महेशनं सांगितलं, की तू न लावलेल्या एका झाडासाठी एवढा कळवळलास; मग ज्यांना उजवा हात कुठला, डावा कुठला हे कळत नाही असे लाखावर जीव त्या शहरात आहेत, त्यांच्यासाठी मी कळवळू नको का, असं देवानं त्याला विचारलं. त्यांचं वय काय, असं कलाबाईनं विचारलं. काही जाणकारांच्या मते ती लहान लेकरं असावीत, महेश म्हणाला. ती वाचली का? वाचली.

"त्या गावन्या पोरी वाचन्यात," ती म्हणाली, आणि महेशला चहा न विचारताच साडीकडे वळली. तो ओळखून उठला. जिन्यावरची त्याची पावलं वाजायची थांबली.

"बिया तुम्हीच दिन्ह्यात ना तिले?"

ती हळू बोलली होती. ऐकू आलं नाही म्हणता आलं असतं.

"हा," निंबा म्हणाला.

"कितल्या?"

"मूठभर."

ती रडली नाही, त्याच्यावर ओरडलीही नाही. साडी मांडीवर सारखी करून तिनं पुढचा खडा चिमटीत घेतला, पण तो कुठं लावायचा ते तिला काही केल्या दिसेना.